बादलीची गळती दाखवली, अबोला कसा मोडायचा ते राहिलं

आधी या कोर्सचे स्टार सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. पाचपैकी साडेतीन. तिसऱ्या आठवड्याला पाचपैकी पाच, पहिल्या दोन आठवड्यांना मिळून एक, आणि तोही व्हिडिओंचा आवाज स्वच्छ होता म्हणून.

कोर्स ऑनलाइन, आठ आठवड्यांचा. विषय, छोट्या शहरांचं अर्थकारण पुन्हा उभं करणं आणि त्यात स्थानिक नेतृत्वाचं काम काय ते. चालवणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना थेट कळवल्या आहेत. दर आठवड्याला चार-पाच रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, बुधवारी संध्याकाळी दीड तास लाइव्ह, सहा-सहा जणांचे गट आणि एक गृहपाठ. गृहपाठ न करता लाइव्हला आलात तर सर नाव घेऊन विचारतात. साठी ओलांडल्यावर मान खाली घालून बसायची वेळ माझ्यावर एकदा आली.

मी कोण ते सांगायला हवं, कारण हे सगळं त्याच चष्म्यातून लिहिलंय. बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस कर्ज विभागात आणि बहुतेक छोट्या शहरांच्या शाखांत. बदली होऊन नव्या ठिकाणी गेलं की महिनाभर जुन्या फाइली वाचायच्या. कोण कोणाला जामीन राहिलाय, कोणी कोणाचा जामीन मधेच काढून घेतलाय, एवढं बघितलं तरी त्या ठिकाणची निम्मी गोष्ट कळते. निवृत्तीनंतर एका पतसंस्थेने सल्ला द्यायला बोलावलं. सल्ला म्हणजे काय द्यायचा, या विचाराने मी हा कोर्स घेतला.

पहिला आठवडा, 'तुमच्यातला नेता ओळखा'. चाळीस प्रश्नांची चाचणी भरली की सॉफ्टवेअर सांगतं तुम्ही दीपस्तंभ आहात, सेतू आहात, शोधक आहात की माळी. मी दीपस्तंभ निघाले. आमच्या गटातले सहापैकी चार दीपस्तंभच निघाले, त्यामुळे पहिल्याच बैठकीत जहाज कोण हा प्रश्न उभा राहिला. दोनदा नगराध्यक्ष राहिलेले एक गृहस्थ गटात होते, ते माळी निघाले आणि दुखावले. "मॅडम, लोकांनी मला निवडून दिलं ते काय झाडांना पाणी घालायला?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी पाण्याच्याच होत्या ना?" त्यानंतर आमचं बरं जमलं.

दुसऱ्या आठवड्यात नायकांच्या गोष्टी. एक माणूस उठतो, स्वप्न बघतो, सगळे हसतात, मग शहर पालटतं. पार्श्वभूमीला बासरी. यात वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वायची गोष्ट होती आणि ती खरोखर मजेची आहे. रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. 1962 सरताना त्या गावाची प्रवासी रेल्वेही बंद झाली. शहाण्या माणसाने तिथे कर्जाचा अर्ज केला असता तर मी परत पाठवला असता. बूथने अमेरिकेतल्या बंद पडलेल्या ग्रंथालयांतली पुस्तकं जहाजाने मागवली आणि गावातल्या एकेका रिकाम्या इमारतीत भरली. 1 एप्रिल 1977 ला त्याने गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा घोषित केलं आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान केलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि हे-ऑन-वाय पुस्तकांचं गाव म्हणून जगभर ओळखलं जाऊ लागलं.

व्हिडिओ इथेच संपतो. माझी तक्रार इथे सुरू होते. बूथच्या हाताखाली काम केलेल्यांनी नंतर स्वतःची दुकानं काढली. दोन दुकानं शेजारी-शेजारी एकाच मालाची असूनही चालली, कारण गिऱ्हाईक एका पुस्तकासाठी येत नव्हतं, दिवस घालवायला येत होतं. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने गोष्टीचा गाभा तो आहे. एक दुकान बुडालं तरी गाव बुडत नाही, अशी रचना झाली. ऑनलाइन विक्री आल्यावर तिथली दुकानंही कमी झाली, 2019 मध्ये बूथही गेला, पण 1988 पासून भरणारा साहित्य महोत्सव आहे, किल्ला डागडुजी होऊन 2022 मध्ये लोकांना खुला झाला आहे. हे सगळं मला बाहेर वाचावं लागलं. कोर्समध्ये घोडा होता.

बूथनंतर बेल्जियममधलं रेदू 1984 मध्ये पुस्तकांचं गाव झालं आणि स्कॉटलंडमधल्या विगटाउनला तो दर्जा 1998 मध्ये मिळाला. विगटाउनची निवड स्पर्धा घेऊन झाली होती, राजा कोणी नव्हता. नायक नसतानाही जमलेली ही गोष्ट दुसऱ्या आठवड्यात ठेवली असती तर आमच्यासारख्या सामान्य दीपस्तंभांना धीर आला असता.

आता तिसरा आठवडा. या आठवड्यासाठी मी फीचे पैसे पुन्हा भरेन.

कल्पना साधी आहे. शहर म्हणजे बादली. वरून नळ सोडलेला आहे: पगार, पेन्शन, शेतमालाचे पैसे, सरकारी योजना, बाहेर गेलेल्या मुलांनी पाठवलेली रक्कम. आपण सगळे नळ मोठा करायच्या मागे असतो, म्हणजे एखादा मोठा कारखाना आणा, एखादं मोठं अनुदान आणा. बादलीच्या बुडाला किती भोकं आहेत ते कोणी बघत नाही. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने ही गळकी बादली लोकांपुढे मांडली आणि 2002 च्या सुमारास ती मोजायची एक पद्धतही दिली, तिला एलएम थ्री (एलएम म्हणजे लोकल मल्टिप्लायर, स्थानिक गुणक) म्हणतात. थ्री म्हणजे तीन फेऱ्या. पैसा आला ती पहिली फेरी. ज्याच्याकडे आला त्याने त्यातला किती तिथल्याच माणसांवर खर्च केला, ती दुसरी. त्या माणसांनी पुन्हा किती तिथेच खर्च केला, ती तिसरी. तिन्हींची बेरीज भागिले पहिली फेरी. उत्तर 1 आलं तर पैसा आला तसा गेला. 3 आलं तर एक पैसाही बाहेर गेला नाही, जे कुठेच घडत नाही.

गणित आवडणाऱ्यांसाठी सरांनी फळ्यावर आणखी एक उदाहरण मांडलं. दर फेरीत 80 टक्के पैसा तिथेच राहिला आणि फेऱ्या चालूच राहिल्या, तर शंभर रुपयांचे शेवटी पाचशे रुपयांचे व्यवहार होतात. 20 टक्केच राहिला तर सव्वाशेचे. पहिले शंभर दोन्हीकडे सारखेच. मी एकतीस वर्षं व्याजाचं चक्रवाढ गणित केलं आणि हे दुसरं चक्र एकदाही मांडून बघितलं नाही, याची थोडी लाज वाटली.

गृहपाठ होता कुठलाही एक छोटा धंदा घेऊन तीन फेऱ्या मोजायचा. आमच्या गटातल्या एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे: गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. त्याने सहा महिन्यांची बिलं स्क्रीनवर उघडून दाखवली, अक्षरशः खिळ्यांच्या पावत्यांपर्यंत. (बँकेत कर्जदारांनी असं कधी दाखवलं असतं तर माझे केस दहा वर्षं उशिरा पिकले असते.) शंभर रुपयांच्या कामामागे लोखंड 52, मजुरी 18, पावडर कोटिंग आणि त्याची ने-आण 14, वेल्डिंग रॉड आणि कटिंग व्हीलसारखा किरकोळ माल 4, वीज 3, कर्जाचा हप्ता 3, आणि मालकाच्या हातात 6.

लोखंड बाहेरूनच येणार, त्यावर रडण्यात अर्थ नाही. सगळ्यांचं बोट पावडर कोटिंगवर गेलं. तयार झालेलं गेट टेम्पोत घालून मोठ्या शहरात जातं, तिथे भट्टीत रंग चढतो, चार दिवसांनी टेम्पोतून परत येतं. चौदा रुपये बाहेर. गटातला एक तरुण इंजिनियर लगेच म्हणाला, हीच गळती, इथे कोटिंगचं युनिट टाका. सरही खूश झाले.

मला त्या चौदा रुपयांवर शंका आली. विचारलं, टेम्पो कोणाचा? तर टेम्पो वर्कशॉपच्या मागच्याच गल्लीतल्या माणसाचा. म्हणजे भाड्याचे चार रुपये तिथल्याच माणसाकडे जातात, डिझेल सोडलं तर. खरी गळती दहाची. मग किरकोळ मालाचे चार, टेम्पोचे चार, मजुरीचे अठरा आणि मालकाचे सहा असे 32 दुसऱ्या फेरीत राहिले. या चौघांच्या खर्चाचा अंदाज घेऊन तिसरी फेरी 17 धरली. उत्तर 1.49. बरं नाही, पण अगदी वाईटही नाही.

दुसरी शंका भट्टीची. पावडर कोटिंगला नुसती भट्टी लागत नाही. आधी माल धुवायच्या टाक्या, गंज काढायचं रसायन, ते सांडपाणी कुठे सोडणार त्याची परवानगी, आणि भट्टी तापवायचा खर्च एक गेट असो की वीस, जवळपास तेवढाच. एका वर्कशॉपचं काम त्या भट्टीचं पोट भरणार नाही. "आणखी कोणी आहे का तुमच्याकडे याच धंद्यात?" असं विचारलं तर तो थोडा थांबला. आणखी दोघे आहेत. तिघांचे तीन टेम्पो वेगवेगळ्या दिवशी, अर्धे-अर्धे रिकामे, त्याच शहरात, त्याच कोटिंगवाल्याकडे जातात.

"मग तिघं मिळून एक टेम्पो का नाही?"

"बोलणं नाही आमचं."

सात वर्षांपूर्वी एका शाळेच्या कठड्याचं काम होतं. कोणीतरी कोणाचा दर फोडला. कोणी, यावर तीन मतं आहेत.

इथे लाइव्ह सत्राची वेळ संपली. सर म्हणाले, फार छान निरीक्षण, पुढच्या आठवड्यात यावर येऊ. कोर्स संपला तरी कोणी त्यावर आलं नाही.

चौथ्या आठवड्यावर फार लिहिण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी 1993 मध्ये मांडलेली पद्धत शिकवली. काय नाही याची यादी करण्याऐवजी काय आहे याची यादी करा. कोणाला काय येतं, कोणती इमारत दुपारी रिकामी असते, कोणती मंडळं खरंच चालतात. चांगलं आहे, पण एक्सेलची जी शीट दिली होती तिच्यात 114 रकाने होते. नगराध्यक्षांनी ती त्यांच्या जुन्या वसुली कारकुनाकडे दिली. त्या माणसाने शीट न उघडता दोन पानांवर सगळं हाताने लिहून दिलं, ते आमच्या गटाचं सर्वात चांगलं काम ठरलं.

पाचव्या आठवड्यात पुन्हा जान आली. अमेरिकेत 1977 मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने तीन छोट्या शहरांत प्रयोग सुरू केला: इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन, साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. बाहेर मॉल झाले होते, मधली जुनी बाजारपेठ ओस पडत होती. त्यातून 1980 मध्ये मेन स्ट्रीट नावाचा देशभरचा कार्यक्रम उभा राहिला. त्याचे चार खांब सांगतात: संघटन, रस्त्या-इमारतींचं रूप, प्रसिद्धी आणि अर्थकारण. खांब मला लक्षात राहणार नाहीत. लक्षात राहिलं ते हे की प्रत्येक शहरात त्यांनी एक पगारी माणूस ठेवला. पूर्णवेळ. त्याचं काम दुकानदारांकडे जाणं, रिकाम्या गाळ्याचा मालक शोधणं, भाडेकरू शोधणं, रंग कोणता द्यायचा यावरची भांडणं ऐकणं.

पगारी! आपल्याकडे अशी कामं 'समाजकार्य' म्हणून खपतात. दोन वर्षं एखादा उत्साही माणूस घरचं खाऊन ती करतो, मग त्याच्या घरचे वैतागतात आणि समितीचा फलक तेवढा उरतो. बाजारपेठेतल्या शंभर दुकानांनी मिळून एका माणसाचा पगार द्यायचा, ही कल्पना आमच्या गटात सर्वात जास्त वाद झालेली. नगराध्यक्ष म्हणाले, कोणी देणार नाही. इंजिनियर म्हणाला, हिशेब दाखवला तर देतील. मी म्हटलं, पहिल्या वर्षी उसने घ्या, पण पगार वेळेवर द्या. पगार थकला की तो माणूस पहिला राजीनामा मनातल्या मनात देतो, असे मी कर्जवसुलीतले किती बघितले आहेत.

सहाव्या आठवड्यात स्पेनच्या बास्क भागातलं मॉन्द्रागोन आलं. होसे मारिया आरिस्मेंदियार्रिएता नावाचा पाद्री 1941 मध्ये तिथे आला. (हे नाव लाइव्हमध्ये बरोबर उच्चारणाऱ्याला सरांनी जास्तीचे गुण कबूल केले होते, ते कोणालाच मिळाले नाहीत.) यादवी युद्धानंतरचा काळ, काम नाही. त्याने 1943 मध्ये तंत्रशाळा काढली. कारखाना निघाला 1956 मध्ये, त्या वाटेने शिकून पुढे गेलेल्या पाच तरुणांनी काढला आणि पाच आडनावांच्या अक्षरांतून त्याचं उल्गोर असं नाव ठेवलं. आधी शाळा, मग तेरा वर्षांनी कारखाना. आजच्या कुठल्या प्रकल्प अहवालात तेरा वर्षांची ही ओळ मंजूर होईल?

आणि मग 1959 मध्ये त्यांनी स्वतःची बँक काढली. इथे मी खुर्चीत सरळ बसले. ठेवी गोळा करताना लोकांना विचारायचे, 'पासबुक की सुटकेस?' म्हणजे पैसे इथे ठेवता, की पुढे पोटासाठी बॅग भरून बाहेर जाता? बँकेच्या जाहिरातीसाठी इतके कमी शब्द इतक्या नेमकेपणाने वापरलेले मी बघितले नाहीत.

हे मला का लागलं ते सांगते. शाखेच्या कामाची एक मोजपट्टी असते, ठेवी आणि कर्ज यांचं प्रमाण. शंभर रुपये ठेव आली आणि त्या भागात चाळीसच कर्जाला गेले, तर उरलेल्या साठांतले बरेचसे दुसरीकडे कुठेतरी इमारत बांधायला जातात. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी देशपातळीवर हे प्रमाण 60 टक्क्यांवर न्यावं, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. मी दरवर्षी हा आकडा तक्त्यात भरत होते. तो आकडा म्हणजेच बादलीचं सगळ्यात मोठं भोक, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसले होते, हे मात्र निवृत्तीनंतर कळलं. कोर्समध्ये बँकेचा उल्लेख या एका व्हिडिओत आला, तेवढाच. छोट्या शहराच्या अर्थकारणाच्या आठ आठवड्यांत कर्जावर एक पूर्ण सत्र नसावं? हा अर्धा स्टार इथे कापला.

मॉन्द्रागोनचीही पडझड त्यांनी दाखवली, हे आवडलं. घरगुती उपकरणं बनवणारी त्यांची फागोर कंपनी 2013 मध्ये बुडाली, पण बऱ्याच कामगार-सभासदांना त्याच समूहातल्या दुसऱ्या सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. पाद्री स्वतः शेवटपर्यंत सल्लागारच राहिला आणि 1976 मध्ये गेला. गटात कोणीतरी प्रवरेची आठवण काढली: विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून भाग गोळा करत होते आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. एकाकडे लोकांचा विश्वास, दुसऱ्याकडे कागद आणि आकडे. या जोडीवर सर पाच मिनिटं बोलले आणि ती पाच मिनिटं पहिल्या आठवड्याच्या चाचणीपेक्षा जास्त शिकवून गेली. रेकॉर्डिंगमध्ये ती कापली आहेत.

सातव्यात जपानमधलं कामियामा. डोंगरातलं गाव, एके काळी वीस हजारांच्या पुढे असलेली वस्ती आता पाच हजारांच्या आसपास. तिथल्या ग्रीन व्हॅली संस्थेची सुरुवात चक्क एका बाहुलीपासून झाली. 1927 मध्ये अमेरिकेतून जपानी शाळांना मैत्रीखातर बाहुल्या पाठवल्या होत्या, त्यातली एक गावच्या शाळेत टिकली होती. शिन्या ओमिनामी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती कुठून आली ते शोधून काढलं आणि 1991 मध्ये तिला माहेरी भेटवून आणलं. एक काम सोबत तडीस नेलं, मग पुढचं धरलं. 1999 पासून कलाकारांना बोलावून राहायला जागा, 2010 मध्ये टोकियोच्या एका कंपनीचं उपकार्यालय रिकाम्या घरात, 2023 मध्ये नवं तंत्रनिकेतन. लोकसंख्या घटणारच हे त्यांनी मान्य केलं. प्रश्न बदलून टाकला: जे येतील ते कोण असावेत? रिकामं घर द्यायचं, पण बेकरी चालवणाऱ्यालाच, किंवा वेब डिझाइन करणाऱ्यालाच. भाडेकरू निवडण्याऐवजी ते गावात कोणता धंदा कमी आहे ते निवडतात.

आता सेवेबद्दल. व्हिडिओ इंग्रजीत, खाली मराठी उपशीर्षकं, ती मशीनने केलेली. स्टेकहोल्डरचं 'भागधारक' झालंय, त्यामुळे एका सत्रात गावातले सगळे शेअर घेऊन बसलेत असं वाटत होतं. अँकर इन्स्टिट्यूशन म्हणजे ज्यांच्या खरेदीवर बाकीचा बाजार उभा राहतो अशी मोठी रुग्णालयं, कॉलेजं. त्याचं भाषांतर 'नांगर संस्था'. लोकल बँकेचं एका ठिकाणी 'स्थानिक किनारा'. हे मी कळवलं, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आभार मानले होते. किनारा अजून तिथेच आहे. सर्टिफिकेटवर माझ्या आडनावात एक अक्षर जास्त आहे, त्याचाही पत्रव्यवहार चालू आहे. शिकवणारे सर मात्र उत्तम. गृहपाठ वाचतात, समासात लिहितात, आणि चूक दाखवली तर रागावत नाहीत. टेम्पोचे चार रुपये त्यांनी पुढच्या आठवड्यात सगळ्या बॅचला सांगितले.

आठवा आठवडा सादरीकरणांचा. प्रत्येक गटाला दहा मिनिटं. सतरापैकी अकरा गटांनी महोत्सव सुचवला. महोत्सव वाईट नाही, पण तीन दिवसांच्या मंडपाचे पैसे एलएम थ्रीने मोजा एकदा. मंडपवाला, साउंडवाला, स्टेजवरचा पाहुणा, सगळे बाहेरचे.

जे शिकवलं नाही त्यावर येते. अबोला. सात वर्षांपूर्वीच्या कठड्यावरून न बोलणारी तीन माणसं एका टेबलाशी कशी आणायची? आठ आठवड्यांत व्हिजन हा शब्द मी मोजायला लागले आणि दोनशेच्या पुढे मोजणं सोडलं. भांडण हा शब्द एकदाही आला नाही. छोट्या ठिकाणी पैसा अडतो तो बहुतेक वेळा माणसं अडल्यामुळे. मोठ्या शहरात एकाशी पटलं नाही तर दुसरा पुरवठादार आहे. छोट्या ठिकाणी दुसरा नसतो. असला तर तो पहिल्याचा चुलतभाऊ असतो.

माझ्याच हातून झालेलं एक सांगते. एका शाखेत असताना दोन छापखानेवाल्यांचे अर्ज एकाच महिन्यात आले. दोघांना मिनी ऑफसेट मशीन घ्यायचं होतं. दोन्ही फाइली माझ्या टेबलावर एकावर एक. दोघांच्या प्रकल्प अहवालात अपेक्षित कामांची यादी होती: त्याच शाळांच्या प्रश्नपत्रिका, त्याच पतसंस्थांची पावतीपुस्तकं. तीच कामं दोघांनी आपापल्या खात्यात धरली होती. एका मशीनला पुरेल एवढंच काम तिथे होतं, हे मला दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत कळलं. पण एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नसते, तो नियम आहे आणि योग्य आहे. वर मार्चएंड होता, कर्जवाटपाचं टार्गेट बाकी होतं. दोन्ही मंजूर केली. दीड वर्षात एक खातं थकलं आणि मशीन जप्त होऊन लिलावात गेलं. दुसरा तग धरून राहिला, पण दर इतके पाडून की त्याचंही धड झालं नाही.

नियम न मोडताही मी काही करू शकत होते का? दोघांनाही वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारता आला असता: "एवढं काम इथे दोघांना पुरेल का? दुसऱ्याशी बोलून बघितलंत का?" एवढंच. मी विचारला नाही. मंजुरीच्या कागदावर सही करायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळ त्या प्रश्नाला लागला असता. कोर्सच्या भाषेत मी दीपस्तंभ होते. दोन्ही होड्या खडकावर जाताना मला नीट दिसत होत्या.

तर हा कोर्स कोणी घ्यावा? नगरपालिकेत नव्याने निवडून आलेल्यांनी, व्यापारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी, आणि बँकेत कर्ज विभागात नव्याने आलेल्यांनी तर नक्की. पहिले दोन आठवडे दुप्पट वेगाने बघा. तिसऱ्यात स्वतःची खरी बिलं काढून बसा, बनवलेल्या आकड्यांवर करू नका, मजा त्यातच आहे. आणि गटात एखादा तरी माणूस असा घ्या ज्याच्या हातात आत्ता एखादा धंदा आहे. आमच्याकडे तो फॅब्रिकेशनवाला नसता तर आम्हीही महोत्सवच सुचवला असता.

त्याचं पुढे काय झालं ते सांगते, कारण बुधवारचा कॉल आम्ही कोर्स संपल्यावरही चालू ठेवला आहे. तो दोघांपैकी एकाकडे गेला. भट्टीचं, भागीदारीचं काही बोलला नाही. सात वर्षांपूर्वीचंही नाही. एवढंच म्हणाला, सोमवारी माझा टेम्पो अर्धा रिकामा जातो, तुझं काही असेल तर टाक. पहिल्या सोमवारी काही आलं नाही. दुसऱ्या सोमवारी दोन ग्रिल आल्या, भाड्याचे पैसे पाकिटात घालून पोराच्या हाती. आता सहा आठवडे टेम्पो दोघांचा एकत्र जातो आणि भाडं निम्मं पडतं. टेम्पोवाला कुरकुरला, त्याची एक फेरी गेली. त्याला परतीचा माल शोधून द्यायचं काम इंजिनियरने घेतलंय.

तिसरा अजून बोलत नाही. ते काम नगराध्यक्षांकडे आहे. तिसऱ्याचा मेहुणा त्यांच्या ओळखीचा निघालाय म्हणे.